केसरची तुळा

माझ्या जावेचं, कोकिळेचं, सगळंच मोठं. कपाळ मोठं, हात मोठे, आवाज मोठा, आणि मिठागरावर डोक्यावर घ्यायची तिची टोपलीही मोठी. ती माझ्यानंतर दोन वर्षांनी या घरात आली, पण पहिल्याच दिवशी तिनं बाप्यांची टोपली उचलली आणि बांधावरून अशी झपाझप चालत गेली की सासू कौतुकानं हसली. माझ्याकडे बघून सासू कधी हसली नव्हती. मी नवरी होऊन आले तेव्हा माझं मनगट दोन बोटांत धरून ती शेजारणीला म्हणाली होती, "बुधाजीनं सुका बोंबील आणलाय." पहिला सगळा हंगाम मला पोरींची लहान टोपली मिळाली. बारा-बारा वर्षांच्या पोरींच्या रांगेत मी, लग्न झालेली बाई, मान खाली घालून चालत होते. पुढं सासू मेली, पण बोंबील हे नाव तिच्यामागं कितीतरी वर्षं राहिलं.

आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीच्या कडेला. थंडी सरली की भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हानं ते आटलं की मीठ ओढायचं, आणि बायकांनी ते डोक्यावरून वाहून राशीवर टाकायचं. पावसापर्यंत हेच काम. इथं बाईला ओळखतात ती तिच्या टोपलीवरून, रूप वगैरे नंतर. त्यामुळं कोकिळेला सगळे ओळखत आणि मला बुधाजीची बायको म्हणत.

बुधाजी आणि चांगदेव, दोघे भाऊ. चुली वेगळ्या झाल्या, अंगण एकच राहिलं. तिच्या ओटीवर कोण आलं ते मला दिसायचं, माझ्या चुलीवर काय शिजतंय ते तिला कळायचं. देवीनं तिला तीन मुलगे दिले. मला एक मुलगी दिली, केसर. कोकिळेला मुलीची फार हौस होती, दर बाळंतपणाला ती मुलगी मागायची. तिच्याकडे नाही आणि माझ्याकडे आहे अशी ही एकच गोष्ट होती, आणि त्याचा मला आनंद व्हायचा. वाईट असेल, पण व्हायचा.

केसर आठ महिन्यांची असताना तिला ताप भरला. तीन दिवस तिनं अंगावरचं दूध घेतलं नाही. तोंडाशी लावलं की मान फिरवायची. चौथ्या दिवशी मी तिला घेऊन गावदेवीच्या पायरीवर जाऊन बसले आणि नवस बोलले, की पोर जगू दे, वाढू दे, लग्नाआधी तिची मिठाची तुळा करीन. संध्याकाळी पोरीनं दूध ओढलं. त्या दिवसापासून मी तिच्या तोंडाकडे बघत आले. काय घेतलं, किती घेतलं, किती टाकलं. दुसरं काही बघायला मला सवड झाली नाही.

तुळा म्हणजे, देवळासमोर मिठागरावरचा मोठा काटा आणून टांगायचा. एका पारड्यात पोर बसवायची, दुसऱ्यात मीठ टाकायचं. पोरींच्या लहान टोपल्या मोजतात, गाव मोठ्यानं आकडा म्हणतं. पारडी जवळजवळ सारखी झाली की भगत हात वर करतो आणि विचारतो, ही पोर कुणाच्या हातचं पोटभर खाते. ज्याच्या हातचं खाते त्यानं पुढं होऊन शेवटची ओंजळ टाकायची, तेव्हा नवस फिटला. ओंजळ खोट्या हाताची पडली तर देवी दिलेलं परत घेते असं आमच्याकडे मानतात. अर्थात हे कुणाला आठवत बसावं लागत नाही. भगत विचारतो, आई 'माझ्या' म्हणते आणि ओंजळ टाकते. दुसरं उत्तर मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

चौदाच्या आत पोरीचं लग्न करायचं नाही असा सरकारनं कायदा केला तेव्हा गावात पुष्कळ लग्नं अडली. केसरचंही थांबलं. तिला चौदावं सरून पंधरावं लागलं तेव्हा करंज्याचं स्थळ आलं. खाडीच्या पलीकडे त्यांचंही मिठागराचंच काम. त्यांनी निरोप पाठवला की चैत्री पुनवेला तुमच्याकडे पोरीची तुळा आहे असं ऐकतो, तेव्हाच येऊन पोर बघू. बुधाजी खूष झाला. मी मात्र पुनवेपर्यंतचे दिवस मोजायला लागले. कारण केसर माझ्यावर गेली होती. लांब मान, काटकीसारखे हात, लुगड्याच्या आत अंग आहे की नाही कळू नये अशी. तिचं वजन सगळ्या गावासमोर आणि करंज्याच्या माणसांसमोर टोपल्यांत मोजलं जाणार होतं.

मग मी मागं लागले. खरं सांगायचं तर आधीपासून लागलेच होते, आता जोर केला.

"येवढ्यात झालं? चिमणीचं पोट हाय का तुझं?"

"पोट भरलं, आये."

"भरलं कुठं, मला दिसत न्हाय ते. बांधावरनं वारा आला तर उडून खाडीत पडशील. करंज्याची लोकं नवरी न्यायला येतील का काठी न्यायला?"

बुधाजीला यात मजा वाटायची. तो मऊ माणूस, पण त्याच्या थट्टेलाही धार होती. तो भाकरीचा तुकडा तिच्या ताटात टाकून म्हणायचा, "खा गो, न्हायतर काट्यावर तुझ्यासंगट एक धोंडा बशिवला पायजे." मग आम्ही दोघं हसायचो. केसर हसायची नाही. ती पदर ओढून खांद्यावरून पुढं घ्यायची, हात आत लपवायची आणि भाताची शितं ताटात इकडून तिकडं करत बसायची. मी म्हणायचे, बघ, माझ्या सासूनं मला काय काय म्हटलं, तुझ्यावर ती पाळी येऊ नये म्हणून सांगते. एकदा ती म्हणाली, "आजी मेली ना, आये?" उलट बोलली म्हणून मी तिला एक धपाटा घातला.

जितकं सांगावं तितकं ती कमी खायला लागली. सकाळची पेज अर्धी. दुपारची भाकरी पाव. एकदा कुत्र्याच्या तोंडात माझी भाकरी बघितली तेव्हा मला रडू आलं. तांदूळ मी दळला, पीठ मी मळलं, आणि खातंय कुत्रं.

आणि तरीही पोर पडली नाही, याचं मला नवल वाटायचं. मिठाच्या वाफ्यांत दिवसभर राबायची, संध्याकाळी पाणी भरायची. मी मनात म्हणायचे, देवीची कृपा आहे.

फाल्गुनातल्या एका दुपारी माझा पाय चिरला. मिठात चिरलेला पाय कसा पेटतो ते मिठागरावरच्या माणसालाच कळेल. मुकादमानं घरी जा म्हटलं. मी लंगडत आमच्या परसातून आले, आणि कुडाच्या फटीतून कोकिळेच्या मागच्या पडवीत केसर दिसली. ती दुपारच्या सुट्टीत घरी जेवायला जाते म्हणून निघायची. ती जेवतच होती. पुढ्यात चिंबोऱ्यांचं कालवण आणि भात. चिंबोरीची नांगी दातांनी फोडून ती चोखत होती, बोटं चाटत होती, आणि तोंडात घास असतानाच काहीतरी सांगून खिदळत होती. कोकिळा तिच्याकडे पाठ करून जवळा निवडत बसली होती. मधेच नुसतं "मग?" म्हणायची. ताटात भात संपला तेव्हा केसरनं आपणच टोपात हात घालून अजून घेतला. कोकिळेनं वळूनही बघितलं नाही.

मी तिथं उभी राहिले. पाय चुरचुरत होता त्याची शुद्ध राहिली नाही. आग आतून पेटली होती. बाप्यांची टोपली तिची, सासूचं हसू तिचं, तीन मुलगे तिचे, आणि आता माझी एकुलती एक पोर तिच्या ताटात जेवते आहे. केसर माझ्याकडे कधी तशी हसली होती का, हे मी आठवत राहिले. लहानपणचं काही आठवेना, जेवताना तर नाहीच.

मी आत गेले नाही. आत गेले असते तर काहीतरी फेकून मारलं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी खाडीत उतरले, चिखलात हात घालून डझनभर चिंबोऱ्या काढल्या, दोन बोटं कापून घेतली, आणि असं कालवण केलं की बुधाजीनं तीनदा मागून घेतलं. केसरच्या ताटात मी मोठाल्या नांग्या टाकल्या आणि समोर बसले.

"खा. कुणाच्याबी घरात असं कालवण मिळनार न्हाय."

तिनं माझ्याकडे चमकून बघितलं. एक नांगी उचलली, फोडली, अर्धी चोखली आणि ठेवली. "तिखट लागतंय," म्हणाली. मी रात्रभर विचार केला, की मी मिरची किती घातली होती.

शेवटी मी कोकिळेला विहिरीवर गाठलं. ती घागर काढत होती. मी सरळ विचारलं, "माझी पोर तुझ्याकडं कवापासनं जेवते?"

तिनं घागर काठावर ठेवली. खोटं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "वरीस झालं आसंल, बाय. येते, मी वाढते. तू इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय."

"काय जादू करतेस तिच्यावर?"

"काय जादू? ताट ठेवते आनि माझं काम करते."

"म्हंजे मी ताट ठेवायला शिकले न्हाय असं म्हनायचं हाय का तुला?"

तिनं दोर गुंडाळायला घेतला. तिची ही गप्प बसायची सवय मला कधीच सहन झाली नाही. भांडली असती तर बरोबरीची तरी वाटली असती. मी तिला बजावलं, की आजपासून माझ्या पोरीला तुझ्या पडवीत बघितली तर अंगणात मधोमध कूड घालीन. त्याच संध्याकाळी केसरलाही सांगितलं. तिनं एकच विचारलं, "काकीनं काय केलं?" मी म्हणाले, "काकीनं काय केलं न्हाय, तेच तर."

केसर जायची बंद झाली. कोकिळा दोन दिवस दुपारच्या वेळी मागच्या पडवीत झाकलेलं ताट ठेवत होती. मी दुपारची घरी येऊन बघत होते. तिसऱ्या दिवशी ताट दिसलं नाही. त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की मी काम करता करता गाणं गुणगुणले, आणि मुकादम म्हणाला, सखुबाईला काय सापडलं आज.

मला वाटलं होतं, आता भूक लागली की माझ्याकडेच येईल, जाईल कुठं. ती आली नाही. समोर बसायची, मी वाढलेलं बघायची, चार घास गिळायची. गिळायची म्हणजे खरंच गिळायची, औषध गिळावं तशी. तुळेला बारा दिवस राहिले तेव्हा तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. मी घाबरले, आणि घाबरले की मला राग येतो. एका संध्याकाळी मी तुपाचा भात कालवला आणि तिच्या तोंडात घास कोंबला. तिनं तोंड मिटलं. मी दुसऱ्या हातानं गाल दाबले. बुधाजी म्हणाला, "सोड तिला, सखू." मी सोडलं नाही. भात तिच्या हनुवटीवरून खाली सांडला, ती उठून परसात गेली आणि होतं नव्हतं ते ओकून आली.

"माझ्या हातात इख हाय का गो?" मी ओरडले.

तिनं तोंड धुतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "न्हाय, आये."

चैत्री पुनव आली. मी पोरीला नऊवारी जाडं लुगडं नेसवलं, आत दुसरं एक गुंडाळलं. पायांत माझे वाळे, हातांत शेजारणीचे चांदीचे गोठ. जेवढं अंगावर चढेल तेवढं चढवलं. बुधाजी म्हणाला, पोर बघायची आहे का सोनाराचं दुकान. मी त्याला गप्प केलं. केसर खांबासारखी उभी होती, जे घालू ते घालून घेत होती.

देवळासमोर सगळं गाव जमलं होतं. करंज्याची माणसं होडीनं आली होती, मुलाचा बाप आणि आई. आई जाडजूड, हसरी बाई होती, ती मला बघून म्हणाली, "तुमची पोर लांब हाय, आमचा पोरगाबी लांबच." मी हसले, पण ती मनात टोपल्या मोजते आहे असंच मला वाटलं. कोकिळा मागं बायकांत उभी होती. पुढं ये असं मी तिला म्हटलं नव्हतं. ती सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, मागं उभी राहिली तरी दिसायचीच.

काटा टांगलेला होता. कोंडाजी भगतानं नारळ फोडला, केसरला पारड्यात बसवलं. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि दोऱ्या धरल्या. पहिली टोपली पडली, गाव म्हणालं, एक. दुसरी, तिसरी. चौथीला केसरचं पारडं हललं. पाचवीला जमिनीपासून सुटलं. मी नवस बोलले तेव्हा मनात आठ टोपल्या धरल्या होत्या. आमच्याकडे धडधाकट पोरीला आठ लागतात. सहावी निम्मी ओतली आणि कोंडाजीनं हात वर केला. कुणीतरी हळूच हसलं. मला वाटलं, माझ्या मनगटाला परत कुणीतरी दोन बोटांत धरलं आहे.

मग कोंडाजीनं विचारलं, "देवीच्या म्होरं सांगा. ही पोर कुनाच्या हातचं पोटभर खाते?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. चौदा वर्षं तयार होतं. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात केसर दिसली. ती माझ्याकडेच बघत होती. उन्हात तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ सुकले होते. आठ महिन्यांची असताना तिनं मान फिरवली होती तेव्हाही तोंड असंच झालं होतं. एवढ्याशा दिवसांत मी तिला परत तिथं आणून ठेवलं होतं. मला त्या क्षणी कळलं, की मी 'माझ्या' म्हटलं तर सगळं गाव ते खरं मानेल. बुधाजी मानेल, करंज्याची माणसं मानतील. कोकिळा गप्प बसेल, तिला गप्प बसता येतं. फसणार नाही ती फक्त देवी. आणि देवी मला काही करणार नव्हती, ती पोरीला करणार होती.

तरीसुद्धा मी कितीतरी वेळ उभी होते. एका बाजूला पोरीचा जीव आणि दुसऱ्या बाजूला ही बाई, आणि मला निवडायला वेळ लागत होता. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. कोंडाजीनं परत विचारलं.

"कोकिळेच्या," मी म्हणाले.

आवाज माझा मलाच चोरासारखा वाटला, म्हणून मी परत म्हणाले, मोठ्यानं. "माझ्या न्हाय. कोकिळेच्या हातचं खाते."

सगळे माना वळवून मागं बघायला लागले. कोकिळेचा चेहरा लाल झाला. ती पुढं आली आणि म्हणाली, "काय बोलतेस, बाय? पोर आईच्याच हातचं खाते. उनानं हिला काय सुचत न्हाय, भगत. ओंजळ तिलाच टाकू द्या."

मला वाचवायला निघाली होती. सगळ्या गावासमोर तिनं माझी अब्रू उचलली आणि मला परत द्यायला आली, मोठ्या टोपलीत घालून. इतका राग मला तिचा आयुष्यात आला नव्हता.

"खोटं बोलू नको," मी म्हणाले. "तुला माझ्यावर दया दाखवायची आसंल तर घरी दाखव. हितं माझी पोर बसली हाय काट्यावर."

बायका कुजबुजायला लागल्या. करंज्याची बाई एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. कोंडाजी म्हातारा माणूस, उन्हानं वैतागला होता. त्यानं पारड्याकडे तोंड केलं. "तूच सांग गो, पोरी. कुनाच्या हातचं?"

केसरनं दोऱ्या घट्ट धरल्या. माझ्याकडे बघायचं तिनं सोडलं. पारड्याच्या फळीकडे बघत हळू म्हणाली, "काकीच्या."

"का गो, आई घालत न्हाय काय खायला?"

"घालते. लय घालते." मग आणखी हळू म्हणाली, "काकीकडं भाकर नुस्ती भाकर असते."

कुणी हसलं नाही. मला ते नीट समजलं नाही, एवढंच कळलं की हे तिनं आज जुळवलेलं नव्हतं, खूप दिवस तिच्याजवळ होतं.

कोकिळा राशीशी वाकली आणि ओंजळ भरली. तिचे हात ते केवढे, ओंजळीत मीठ मावलं ते निम्म्या टोपलीचं. तिनं ती पारड्यात सोडली आणि काटा मिठाच्या बाजूनं धाडकन खाली गेला, केसर वर उचलली गेली. कोकिळेला परत वाकून चिमटी-चिमटीनं मीठ काढावं लागलं. सगळं गाव बघत होतं आणि तिला घाम फुटला होता. मला तेवढं बघून बरं वाटलं. पोरीची तुळा चालू होती, देवी समोर होती, आणि मला जाऊ चुकली म्हणून बरं वाटलं. मग काटा सरळ झाला आणि कोंडाजीनं शंख वाजवला.

करंज्याची माणसं जेवून निघाली. जाताना ती बाई केसरच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "निरोप धाडतो." चांगला की वाईट ते तिच्या तोंडावरून कळेना. बुधाजी आणि चांगदेव त्यांना धक्क्यावर सोडायला गेले. कोकिळा आपल्या मुलांना घेऊन मुद्दाम लवकर निघाली, मला तिच्याबरोबर चालावं लागू नये म्हणून. हेही तिला सुचलंच.

राहिलो आम्ही दोघी. देवळाकडून घरी यायची वाट खारबांधावरून आहे, एका बाजूला वाफे, दुसऱ्या बाजूला खाडी. केसरनं वाळे आणि गोठ काढून पदरात बांधले होते. मी पुढं, ती मागं. मला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं. तोंडात पहिलं आलं ते, चक्कर येते का, घरी गेल्यावर भात टाकते. ते मी गिळलं. दुसरं आलं, भूक लागली आसंल. तेही गिळलं. बांधाच्या पहिल्या वळणापर्यंत मी शोधत होते, की खाण्याचं सोडून या पोरीशी बोलायचं वाक्य माझ्याकडे कुठलं आहे. चौदा वर्षं मी तिच्याशी बोलत होते आणि एकही सापडेना.

शेवटी जे खरंच आत टोचत होतं तेच बाहेर आलं, आणि खेकसूनच आलं. "काकीकडं बसून तुमी दोघी बोलता तरी काय येवढं?"

मागची पावलं मंदावली. मला वाटलं, गेली ही आता कायमची. मग ती म्हणाली, "काय बी."

"काय बी म्हंजे?"

"करंज्यावरनं आपली मिठाची रास दिसते का, ते मी काकीला इचारलं व्हतं."

"मग? काय म्हनली काकी?"

"तिला ठावं न्हाय. ती कवा गेलीच न्हाय तिकडं."

कोकिळा जन्मात करंज्याला गेली नव्हती. मी दोनदा गेले होते, माझी मावशी तिकडे दिलेली होती. मी चालता चालता थांबले आणि वळले. "दिसते," मी म्हणाले. "सकाळच्याला दिसते. ऊन चढलं की झळांत न्हाय दिसत. पन सकाळी धक्क्यावर हुबं राह्यलं की पांढरी दिसते, समोरच."

"खरं, आये?"

"माझ्या डोळ्यांनी बगितली."

ती माझ्या बरोबरीला आली. मग तिनं विचारलं की तिकडं विहिरीचं पाणी गोडं आहे का. मग विचारलं, होडी लाटेत हलते तेव्हा काय करायचं, तिला भीती वाटते. रात्री तिथं एकटीला रडू आलं तर सासू रागावते का, असंही विचारलं. हे सगळं तिनं आधी कोकिळेला विचारलेलं होतं, त्या पडवीत, हे मला प्रत्येक प्रश्नाला कळत होतं आणि प्रत्येक प्रश्न मला लागत होता. माझ्यापर्यंत तो उष्टा होऊन आला होता. तरी मी एकेकाचं उत्तर दिलं, येत होतं तेवढं. येत नव्हतं तिथं ठावं न्हाय म्हणाले. आमचं घर दिसायला लागलं तेव्हा तिचं बोलणं संपलं नव्हतं, म्हणून मी चाल कमी केली.